काच आणि खाच

छायाचित्रणाच्या इतिहासावर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात कॅमेऱ्याला मान आहे, छायाचित्रकाराला आहे, क्वचित स्टुडिओलाही आहे. भिंगाला मात्र नाही. ते कॅमेऱ्याचाच एक भाग, असे आपण गृहीत धरतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. भिंगाचा इतिहास कॅमेऱ्याच्या इतिहासाहून निराळा चालतो, त्याचे आयुष्य जास्त असते आणि गेल्या दहा-बारा वर्षांत या दोन इतिहासांची पुन्हा एकदा गाठ पडली आहे. त्या गाठीचा उपयोग आमच्या वडीगोद्रीसारख्या ठिकाणी जुनी कागदपत्रे वाचण्यासाठी होतो आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात कोल्हापूरपासून करतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावी अशीच ती आहे. पण ती ऐकताना मला नेहमी भिंगाचा प्रश्न पडतो. पेटी, दात्यांची चाके, फिल्म ओढणारी यंत्रणा हे सारे कुशल कारागीर लेथवर घडवू शकतो. प्रकाशीय काच तशी घडत नाही. ती वितळवायची, महिनोन्महिने सावकाश थंड करायची, तिच्यात बुडबुडा किंवा ताण राहू द्यायचा नाही. ही विद्या तेव्हा आपल्या देशात नव्हती. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूटने ती कष्टाने उभी केली. म्हणजे पेटी स्वदेशी होऊ शकत होती, तिच्या तोंडाशी बसणारा डोळा बाहेरून आणावा लागे. जो डोळा मिळेल तो आपल्या पेटीला जुळवून घ्यायचा, हा उद्योग आपल्याकडे असा जुना आहे. आज ज्याला ‘अडॅप्टर लावणे’ म्हणतात तो त्याचाच पुढचा टप्पा.

आता खाचेकडे वळतो. भिंग कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या जागेला व्यवसायात ‘माउंट’ म्हणतात. मी तिला खाच म्हणतो. खाचेला दोन अंगे असतात. एक अडकवण्याची तऱ्हा, म्हणजे आटे किंवा फिरवून बसवायची कडी. दुसरे अधिक महत्त्वाचे: त्या कडीपासून फिल्मपर्यंतचे ठरलेले अंतर. भिंग या अंतराचा हिशेब धरूनच बनवलेले असते. अंतर वाढले तर दूरचे दृश्य कधीच स्पष्ट होत नाही. कमी झाले तर मात्र इलाज आहे. मध्ये तेवढ्याच जाडीची पोकळ कडी घातली की काम भागते.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलता आरसा असे. त्याला जागा हवी, म्हणून हे अंतर मोठे. निकॉनच्या १९५९च्या खाचेत ४६.५ मिलिमीटर. पूर्व जर्मनी, रशिया आणि जपान या सर्वांनी वापरलेल्या बेचाळीस मिलिमीटर आट्यांच्या खाचेत साधारण ४५.५. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, अंतर वेगळे. एकाचे भिंग दुसऱ्याला लावणे जवळजवळ अशक्य. कॅननने तर स्वतःच्याच गिऱ्हाइकांना तोंडघशी पाडले. त्यांच्या एफडी भिंगांचे अंतर ४२ होते, १९८७च्या नव्या ईएफ खाचेत ते ४४ झाले. दोन मिलिमीटर! तेवढ्यावर हजारो उत्तम भिंगे बिनकामाची ठरली.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९८५ मध्ये, मिनोल्टाने ७००० हा आपोआप फोकस करणारा कॅमेरा आणला, आणि त्यासाठी आपली जुनी खाच सोडून दिली. गंमत अशी की याच मिनोल्टाने २००३ मध्ये डिमाज ए-वन या कॅमेऱ्यात हाताची थरथर निस्तरण्यासाठी भिंगातली काच न हलवता सेन्सरच हलवण्याची युक्ती बाजारात आणली. २००६ मध्ये त्यांचा कॅमेऱ्यांचा धंदा सोनीकडे गेला. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी-वन पासून आरसा काढून टाकलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे सुरू झाले होते. ऑलिम्पसने तशा कॅमेऱ्यांत सेन्सर हलवणे आणले. मग २०१४च्या अखेरीस सोनीने अल्फा ७-टू काढला. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, आरसा नाही आणि सेन्सर स्वतः पाच तऱ्हांनी हलून थरथर सावरणारा. त्याच्या खाचेचे अंतर अवघे १८ मिलिमीटर. साडेपंचेचाळीसमधून अठरा वजा करा: साडेसत्तावीस मिलिमीटरची एक पोकळ कडी घातली की जेनाचे, क्रास्नोगोर्स्कचे, जपानचे कोणतेही आट्याचे भिंग तिथे बसते. १९८५ मध्ये मिनोल्टाने पोरकी केलेली भिंगेसुद्धा अशीच कडी घालून बसतात. मिनोल्टाच्याच वारसाने त्यांना घर दिले, असे म्हणायला हरकत नाही.

ही भिंगे मराठवाड्यात कुठून आली? थोडी निजामाच्या अमदानीतली, ती बहुतेक शहरांतल्या मोठ्या स्टुडिओंत. बाकीची स्वातंत्र्यानंतरची. परकीय चलनाची चणचण असल्यामुळे जपानी माल महाग आणि दुर्मीळ. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीशी मात्र आपला व्यापार रुपयांत चाले. त्या वाटेने झेनिट आणि प्रॅक्टिका कॅमेरे आले. झेनिटबरोबर हेलिओस ४४ हे अठ्ठावन्न मिलिमीटरचे भिंग मिळे. त्याची कुळी सांगण्यासारखी आहे. विली मेर्टे या जर्मन शास्त्रज्ञाने झाइसच्या जेना कारखान्यासाठी रचलेले बायोटार हे त्याचे मूळ. दुसऱ्या महायुद्धानंतर जेनातली यंत्रसामग्री आणि विद्या रशियाकडे गेली, आणि बायोटारचा रशियन अवतार लाखोंनी निघू लागला. जर्मनीत रचले, रशियात घासले आणि मराठवाड्यातल्या लग्नांत वापरले, असा त्या काचेचा प्रवास.

पण आमच्याकडच्या स्टुडिओंत झेनिटपेक्षाही खात्रीने सापडणारे भिंग वेगळेच आहे आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. ते म्हणजे डार्करूममधल्या एन्लार्जरचे. ज्या स्टुडिओत कृष्णधवल फोटो धुतले जात तिथे एन्लार्जर असायचाच. रंगीत रोल शहरातल्या लॅबकडे जाऊ लागले, डार्करूमच्या अंधाऱ्या खोलीत आधी झेरॉक्सचे मशीन आले, मग मोबाईलचे रिचार्ज. एन्लार्जरचा लोखंडी दांडा भंगारात गेला. त्याच्या टोकाचे पन्नास मिलिमीटरचे भिंग चांदीचे नाही, पितळेचेही नाही, म्हणून खोक्यात पडून राहिले. वडीगोद्रीला अंबडकडून येणारा रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. या दोन्ही रस्त्यांवरच्या बंद पडलेल्या स्टुडिओंमधून मी आजवर अशी चार भिंगे मिळवली. एका स्टुडिओवाल्या काकांनी तर पैसे घ्यायलाच नकार दिला. म्हणाले, “न्या की सर. तुमच्या हातानं त्याला उजेड तरी दिसंल.”

मराठवाड्याचे हवामान भिंगांना मानवते, ही एक आडगोष्ट. कोकणातून आलेल्या भिंगात हटकून बुरशीची जाळी दिसते. आमच्याकडे धूळ फार, ओल कमी. उन्हाळ्यात फिरत्या कडीतले ग्रीस वाळून ती घट्ट होते किंवा तेल सुटून अपर्चरच्या पात्यांवर येते, एवढाच त्रास. काही जुन्या जपानी भिंगांच्या काचेत थोरियम असे. कालांतराने ती काच चहासारखी पिवळी पडते. त्यावरचा उपाय म्हणजे भिंग काही दिवस कडक उन्हात ठेवणे. मे महिन्यात तो उपाय आमच्याकडे फुकट आहे.

आता अंधाराविषयी. मराठवाड्यातल्या छायाचित्रणाचा इतिहास मला बराचसा अंधाराशी झालेल्या झटापटीचा इतिहास वाटतो. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे रंगवलेली त्याची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण मधल्या काळात त्याने कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनने लेण्यांवरचे जे पुस्तक काढले त्यात गिलची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत. त्या काळच्या काचपट्ट्या प्रकाशाला इतक्या मंद होत्या की लेण्यात कॅमेरा तिपाईवर ठेवून खूप वेळ थांबण्याला पर्याय नव्हता. पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात ‘अजंता’चे खंड काढले. त्यांची रंगीत छायाचित्रे ई. एल. व्हॅसी यांची. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी तिथल्याच अत्यल्प उजेडात दीर्घ एक्सपोजरने चित्रांचे रंग टिपले, तेव्हा कित्येकांना ती चित्रे पहिल्यांदाच दिसली.

या सर्वांमध्ये समान काय? तिपाई, आणि तिपाई लावायला मिळालेली परवानगी. सरकार, दरबार किंवा खाते पाठीशी असेल त्यालाच स्थिरता मिळे. आजही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंत तिपाई लावायची तर परवानगी काढावी लागते आणि अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही. ते योग्यच आहे. पण त्यामुळे माझ्यासारख्या, कोणत्याही संस्थेचे पत्र खिशात नसलेल्या माणसाच्या हाती उरत असे फक्त स्वतःचा थरथरता हात. जुन्या भिंगाला उजेड कमी पडत नव्हता. दोन अपर्चरचे हेलिओस आजच्या कित्येक स्वस्त झूमपेक्षा चौपट उजेड आत घेते. कमी होती ती स्थिरतेची.

जुना नियम असा: हातात धरून फोटो काढताना शटरचा वेळ भिंगाच्या मिलिमीटरच्या आकड्याहून सावकाश नको. पन्नासचे भिंग असेल तर सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग. गाभाऱ्यात एवढा उजेड नसतो. सेन्सर सावरणारा कॅमेरा हीच मर्यादा चार पायऱ्यांनी खाली आणतो: साठावा, तिसावा, पंधरावा, आठवा आणि मग सेकंदाचा चौथा भाग. समईच्या उजेडात उभ्या असलेल्या वीरगळीला एवढा वेळ पुरतो. पुजारी हलला तर तो पुसट येणारच. यंत्र आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल नाही.

जुन्या भिंगाच्या बाबतीत मात्र इथे एक मेख आहे. नवे भिंग कॅमेऱ्याला विजेच्या टाचण्यांतून आपली ओळख सांगते. जुने मुके असते. हात एक अंशाने हलला तर प्रतिमा सेन्सरवर किती सरकेल हे भिंगाच्या नाभीय अंतरावर ठरते. म्हणून तो आकडा आपण कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन हाताने भरावा लागतो. पन्नासचे भिंग लावून एकशे पस्तीस भरलेत तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सावरतो आणि स्थिर हाताचा फोटोही हलवून ठेवतो. दुसरे असे की मुके भिंग वस्तूचे अंतर सांगू शकत नाही. त्यामुळे हात वळल्याने होणारी थरथर सावरली जाते. हात वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकल्याने होणारी नाही. लांबच्या शिखरासाठी त्याने फरक पडत नाही. हातभर अंतरावरच्या कागदासाठी पडतो, आणि माझे निम्मे काम कागदाचे आहे.

कागदाच्या कामाला निकड आली ती २०२३ मध्ये. वडीगोद्रीच्या शेजारच्या अंतरवाली सराटीत ऑगस्टअखेर मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि काही दिवसांतच निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. जून २०२४ मध्ये खुद्द वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण झाले. या वादात मला इथे कुणाची बाजू मांडायची नाही. दोन्ही बाजूंची माणसे माझी गाववाली आहेत आणि दोन्हीकडच्या घरांतून ट्रंका उघडल्या गेल्या, एवढेच सांगतो. ज्या कागदांकडे तीन पिढ्यांनी पाहिले नव्हते ते एकाएकी मोलाचे झाले. कर्जखते, वतनाचे कागद, पावत्या, खासरा पाहणीच्या नकला. काही मोडीत, काही उर्दूत, काही दोन्हींत. एखाद्या पुसट शब्दाच्या वाचनावर घरातल्या पोराचा दाखला अवलंबून.

लोक मोबाईलवर फोटो काढून पाठवत. पाठवताना तो दाबला जाई, हे एक. त्याहून मोठी अडचण अशी की मोबाईल जे दिसते ते तसेच ठेवत नाही. कडा धारदार करतो, दाणेदार भाग गुळगुळीत करतो. माणसाच्या चेहऱ्याला ते खपते. मोडीत लेखणी न उचलता ओढलेली बारीक रेघ, कागदाची सुरकुती आणि पलीकडून झिरपलेली शाई यांतला फरक हाच तर वाचनाचा आधार असतो. तो फरकच या सफाईत पुसला जातो. एकच कागद मी दोन्ही प्रकारे टिपून मोडी जाणणाऱ्या दोघांना दाखवला. मोबाईलच्या प्रतीवर त्यांचे एका शब्दाबद्दल एकमत होईना. दुसऱ्या प्रतीवर वादच उरला नाही.

ती दुसरी प्रत एन्लार्जरच्या भिंगाने काढलेली होती. या भिंगाचा हिशेब मला फार आवडतो. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून आठ बाय बारा इंची प्रिंट काढायचा तर चित्र साधारण साडेआठ पट वाढवावे लागते. एन्लार्जरचे भिंग नेमक्या याच कामासाठी रचलेले: सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर, कोपऱ्यांपर्यंत सारखे स्पष्ट. कागदपत्राची नक्कल करताना आपण तेच उलट करतो. खाली आठ बाय बारा इंचांच्या आसपासचा सपाट कागद, वर निगेटिव्हएवढाच सेन्सर. उजेडाची दिशा फिरली, काम तेच राहिले. त्या भिंगाला स्वतःची फोकसची कडी नसते. म्हणून पुढेमागे सरकणारी एक आट्याची नळी मध्ये घालायची. नळी आणि कड्या मिळून खर्च नव्या मॅक्रो भिंगाच्या मानाने किरकोळ येतो. अपर्चर ५.६ किंवा ८ वर आणायचे. हेलिओस या कामाला बाद. मधोमध ते सुरेख, पण कोपऱ्यांत घसरते आणि पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरवते. त्या भोवऱ्यासाठी हल्ली हौशी तरुण ते भिंग शोधत फिरतात. त्यांच्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्यांनी त्या भिंगाने शिलालेख टिपू नयेत.

घरोघरी तिपाई आणि दिव्यांचा लवाजमा नेता येत नाही. ट्रंक माजघरात असते, कागद घराबाहेर न्यायला म्हातारी माणसे तयार नसतात आणि त्यांचे बरोबर आहे. अशा कामासाठी नेलेली कागदपत्रे न परतल्याचे अनुभव गावात आहेत. म्हणून उंबऱ्याशी बसायचे, कागद दारातल्या उजेडात, पंखा बंद, कोपरे गुडघ्यांवर टेकलेली, श्वास रोखलेला. सेन्सर न सावरू शकणारी सरकती थरथर ही बैठक सावरते. सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत मला अक्षर तुटलेले आढळत नाही. आरसा नसल्याने त्याचा धक्का नाही, आणि दर्शकात अक्षर दहापट मोठे करून फोकस पाहता येतो. जुन्या कॅमेऱ्यात अपर्चर बंद केले की समोर काळोख व्हायचा. इथे दर्शक स्वतः उजळतो.

फोटो म्हणजे पुरावा नव्हे, हे मी प्रत्येक घरी सांगतो. दाखल्यासाठी मूळ कागद आणि अभिलेखातली नोंद लागते. माझी प्रत फक्त वाचनासाठी आणि मूळ कागदाला पुन्हा पुन्हा हात लागू नये म्हणून.

मुक्या भिंगाची आणखी एक अडचण संशोधकाने लक्षात ठेवावी अशी आहे. नवा कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत भिंगाचे नाव, अपर्चर, अंतर लिहून ठेवतो. जुने भिंग लावले की तिथे रकाना रिकामा राहतो किंवा शून्य येते. पन्नास वर्षांनी कुणी ही छायाचित्रे तपासली तर कोपऱ्यातले अक्षर कागदावरच पुसट होते की भिंगामुळे झाले, हे त्याला कळणार नाही. गिलच्या किंवा दीनदयाळांच्या छायाचित्रांसमोर बसलो की हाच प्रश्न मला छळतो: खांब खरोखर असा झुकलेला होता की काच तसे दाखवते आहे? म्हणून मी दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, घर, कागदाची लांबी-रुंदी, भिंग, त्यावरचा क्रमांक, अपर्चर, उजेड कुठून. कागदाशेजारी एक मोजपट्टी आणि राखाडी तुकडा प्रत्येक फोटोत असतोच. रशियन भिंगांच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात. माझ्याकडच्या हेलिओसचा क्रमांक ७६ने सुरू होतो.

वहीत आता एक रकाना वाढवला आहे, भिंग कोणत्या स्टुडिओतून आले त्याचा. कारण त्या खोक्यांत भिंगांच्या खाली निगेटिव्हही आहेत: शाळेचे वर्ग, पंगती, सत्यनारायण, ओळखपत्रांसाठी पांढऱ्या चादरीपुढे बसवलेली माणसे. ज्या भिंगाने ते प्रिंट निघाले त्याच भिंगाने आता त्या निगेटिव्ह मी सेन्सरवर उतरवतो आहे. त्यासाठी नळी बरीच लांब करावी लागते आणि मागे दुधी काचेतून उजेड सोडावा लागतो. पहिल्या खोक्यातल्या साडेतीनशे झाल्या. दुसरे खोके ज्या काकांचे आहे ते स्वतः समोर बसून चेहरे ओळखतात. दुपारी उजेड दक्षिणेकडे सरकला की आम्ही थांबतो.